जुना कॅमेरा चालतो, मग नवे डोंगल का नाही?

पवनार परिसरातील एका शाळेत आम्ही एका शनिवारी गेलो होतो. शाळेच्या संगणक खोलीत देणगीतून मिळालेले सहा जुने संगणक होते. त्यांवर विंडोज १० ही प्रणाली होती. तिला कंपनीकडून मिळणारी नियमित दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबली, आणि पुढची प्रणाली या यंत्रांवर चढत नव्हती. यंत्रे तर धडधाकट होती. म्हणून शाळेने त्यांवर लिनक्स ही मुक्त प्रणाली घालून पाहायचे ठरवले. आम्हाला बोलावणे आले ते त्यासाठीच.

प्रणाली तासाभरात चढली. मग दोन वस्तू जोडायच्या होत्या. पहिली वस्तू म्हणजे कपाटातला एक जुना वेबकॅमेरा. विज्ञानाच्या मॅडमना तो सूक्ष्मदर्शकाच्या नेत्रिकेवर बसवायचा होता. धाम नदीच्या पाण्याचा थेंब एका वेळी एकाच मुलाला दिसतो. रांग संपेपर्यंत तास संपतो आणि काचपट्टीही सुकते. कॅमेऱ्याबरोबर आलेली तबकडी विंडोज एक्सपीच्या काळातली होती आणि अलीकडच्या प्रणालींनी तो कॅमेरा ओळखलाच नव्हता. दुसरी वस्तू होती वर्ध्याच्या बाजारातून चार दिवसांपूर्वी आणलेले वायफायचे डोंगल, खोक्यासकट कोरे.

आम्ही कॅमेरा जोडला आणि तो चालू झाला. तबकडी नाही, काही उतरवून घेणे नाही. डोंगल जोडले, तर त्याचा दिवासुद्धा लागला नाही.

मुख्याध्यापकांनी विचारले, “सर, हे उलटे कसे?” प्रश्न अगदी योग्य होता. जुनी वस्तू बंद पडते आणि नवी चालते, असाच आपला सर्वांचा अनुभव. या उलट्या गोष्टीचे कारण समजले की लिनक्सची नवी आवृत्ती येते तेव्हा नेमके काय घडते, तेही समजते.

प्रथम ड्रायव्हर म्हणजे काय ते पाहू. संगणकाच्या प्रणालीचा जो सर्वांत आतला भाग असतो त्याला कर्नल म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ दाण्यातला गर. स्मृतीची जागा कोणाला किती द्यायची, प्रक्रियकाचा वेळ कसा वाटायचा आणि जोडलेल्या उपकरणांशी कसे बोलायचे ही कामे कर्नल करतो. मात्र प्रत्येक उपकरणाची बोली निराळी असते. एका कॅमेऱ्यातल्या चिपला ‘चित्र पाठव’ असे सांगायला अमुक जागी अमुक संख्या लिहावी लागते, दुसऱ्याला तमुक जागी तमुक. ही बोली जाणणारा प्रोग्रामचा तुकडा म्हणजे ड्रायव्हर.

कळफलकाचे उदाहरण घेऊ. मुलाने एक बटण दाबले की कळफलकाकडून प्रक्रियकाला एक इशारा जातो. वर्गात मुलाने हात वर करावा आणि शिक्षकांनी फळ्यावरचे लिहिणे क्षणभर थांबवून त्याच्याकडे वळावे, तसे प्रक्रियक हातातले काम थांबवतो. कळफलकाचा ड्रायव्हर मग पुढे होतो, कोणते बटण ते वाचतो आणि वर कळवतो. तो अक्षर कळवत नाही, फक्त बटणाचा क्रमांक कळवतो. इंग्रजी ‘के’ चे बटण लिनक्समध्ये ३७ क्रमांकाचे आहे. त्या ३७ चा ‘के’ करायचा की ‘क’, हे वरच्या थरातला अक्षरतक्ता ठरवतो. इन्स्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा प्रमाण तक्ता निवडला असेल तर त्याच बटणातून ‘क’ उमटतो. उपकरणाच्या तपशिलाची झळ वरच्या थरांना लागू द्यायची नाही, हे ड्रायव्हरचे काम.

ही विभागणी पहिल्या दिवसापासून नव्हती. लिनस तोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्सची पहिली आवृत्ती लिहिली तेव्हा तिच्यात फिनिश कळफलकाचाच तक्ता पक्का बसवलेला होता. तो ३८६ प्रक्रियकाच्या त्याच्या स्वतःच्या संगणकासाठी लिहिलेला कर्नल होता. त्याच्याजवळ जी हार्डडिस्क होती, तिच्याखेरीज दुसऱ्या प्रकारच्या डिस्क यावर कधी चालतील असे त्यालाही तेव्हा वाटत नव्हते. पुढे ज्याच्याजवळ जे उपकरण होते त्याने त्याचा ड्रायव्हर लिहून पाठवला. असे करता करता २०२५ च्या सुरुवातीला या कर्नलच्या ओळी सुमारे चार कोटींवर गेल्या. त्यांतल्या निम्म्याहून अधिक ओळी ड्रायव्हरांच्याच आहेत.

ड्रायव्हर सहसा कर्नलच्या आत, पूर्ण अधिकाराने चालतो. म्हणूनच त्याची चूक महागात पडते. १९ जुलै २०२४ रोजी एका सुरक्षा-प्रोग्रामच्या अशाच आतल्या भागाला सदोष माहिती पोचली आणि जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक एकाएकी कोसळले. आपल्याकडे काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले होते, ते अनेकांना आठवत असेल.

गाईड आणि हस्तपुस्तिका

आता कॅमेऱ्याकडे येऊ. त्याच्या आतली चिप ओळखणारा ड्रायव्हर ‘जीएसपीसीए’ नावाच्या संचात आहे. त्याची सुरुवात मिशेल झार्ड नावाच्या एका फ्रेंच माणसाने केली. हे गृहस्थ व्यवसायाने डॉक्टर होते. फावल्या वेळात त्यांनी दोनशेहून अधिक प्रकारचे वेबकॅमेरे लिनक्सवर चालते केले. सुरुवातीला हा संच कर्नलच्या बाहेर होता, ज्याला हवा त्याने तो वेगळा आणून बसवायचा. नंतर इतरांच्या मदतीने त्याची नव्याने मांडणी झाली आणि ऑक्टोबर २००८ मध्ये २.६.२७ या आवृत्तीबरोबर तो कर्नलमध्ये दाखल झाला. तेव्हापासून लिनक्सची जी जी आवृत्ती आली तिच्यासोबत हा ड्रायव्हर आपोआप आला. आमचा कॅमेरा चालला तो यामुळे.

आत असणे आणि बाहेर असणे यात एवढा फरक का पडावा? याचे उत्तर शिक्षकांना एका परिचित उदाहरणाने पटेल. पाठ्यपुस्तक बदलले की मंडळाची शिक्षक हस्तपुस्तिका त्याबरोबर बदलते, कारण दोन्ही एकाच ठिकाणी तयार होतात. खासगी प्रकाशकाचे गाईड मात्र जुन्याच पुस्तकाचे राहते. प्रकाशकाला परवडले तर तो नवे काढतो, नाही तर दुकानात जुनेच पडून असते.

लिनक्सची नवी आवृत्ती दर नऊ-दहा आठवड्यांनी निघते. तुमचे-आमचे नेहमीचे प्रोग्राम नव्या आवृत्तीवर बंद पडू नयेत याबाबत कर्नलची मंडळी फार कडक असतात. पण कर्नल आणि ड्रायव्हर यांच्यातली आतली बोली ते खुशाल बदलतात. एखाद्या कार्याची पद्धत सुधारली की तिचे नाव, तिला द्यायच्या गोष्टी, सारे बदलते. मात्र हा बदल करणाऱ्याने कर्नलच्या आतले, त्या पद्धतीवर अवलंबून असलेले सर्व ड्रायव्हर स्वतः दुरुस्त करायचे असा रिवाज आहे. त्यामुळे ज्याने तो कॅमेरा जन्मात पाहिलेला नाही असा कोणी जर्मनीतला किंवा चीनमधला प्रोग्रामरही त्या ड्रायव्हरची डागडुजी करून जातो. बाहेरच्या ड्रायव्हरला हा लाभ नाही. तो गाईडसारखा मागे पडतो.

आमच्या डोंगलचे नेमके हेच झाले होते. खोके नवे असले तरी आतली चिप दहा-बारा वर्षांपूर्वीच्या घडणीची होती. चिप बनवणाऱ्या कंपनीने लिनक्ससाठी ड्रायव्हर दिला होता, पण कर्नलच्या बाहेरचा. कर्नल बदलला की तो मोडायचा. मग कोणी तरी उत्साही माणूस तो जोडजाड करून पुन्हा चालता करायचा. कितीतरी वर्षे हे चालले. हे सारे एका शाळेने करावे अशी अपेक्षा धरणे चुकीचे आहे असे आम्हाला वाटते.

खैराटच्या मुलांचे संगणक

ड्रायव्हरचा प्रश्न शाळेच्या दारात येऊन उभा राहण्याची महाराष्ट्रातली ही पहिली वेळ नव्हे. रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यात खैराट-धनगरवाडा येथे एक लहानशी प्राथमिक शाळा आहे. ‘प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप’ या जागतिक योजनेचा भारतातील पहिला प्रयोग २००७ साली या शाळेत सुरू झाला. वीस-बावीस मुले आणि एक शिक्षक अशी ही शाळा. केंद्र सरकारने आदल्याच वर्षी या योजनेत सहभागी होण्यास नकार दिला होता, त्यामुळे हा प्रयोग लहान प्रमाणावरच झाला. मुलांच्या हातात आलेल्या हिरव्या-पांढऱ्या यंत्राचे नाव होते एक्सओ.

योजनेच्या शैक्षणिक यशापयशाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हाला येथे त्या यंत्राच्या आत डोकवायचे आहे. त्यात ४३३ मेगाहर्ट्‌झचा प्रक्रियक, २५६ मेगाबाइट स्मृती आणि हार्डडिस्कच्या जागी १ गिगाबाइटची फ्लॅश स्मृती होती. उन्हातही वाचता येईल असा पडदा होता. प्रणाली अर्थातच लिनक्स. पण या यंत्रातले बरेच भाग बाजारात दुसरीकडे कोठेच नव्हते, आणि म्हणून त्यांचे ड्रायव्हरही नव्हते. कॅमेरा आणि फ्लॅश स्मृती सांभाळणारी एक खास चिप या यंत्रासाठी घडवली गेली. तिच्या कॅमेऱ्याच्या भागाचा ड्रायव्हर जोनाथन कॉर्बेट यांनी २००६ मध्ये लिहिला. लिनक्सचे ड्रायव्हर कसे लिहावेत यावरच्या प्रसिद्ध पुस्तकाचे ते एक लेखक. पुस्तक लिहिणाऱ्यालाच परीक्षेला बसवावे, तसे हे झाले!

सर्वांत बोधक गोष्ट टचपॅडची आहे. विज्ञान शिक्षकांनी ती वर्गात जरूर सांगावी, कारण तिच्यात धारकाचा धडा आहे. टचपॅडखाली बारीक विद्युत्‌वाहक पट्ट्यांचे जाळे असते. बोट जवळ आले की त्या ठिकाणची विद्युत्‌धारिता बदलते आणि बोट कोठे आहे ते कळते. पण बदल मोजायचा तर आधी ‘बोट नसतानाची’ धारिता ठाऊक हवी. तराजूत वस्तू ठेवण्यापूर्वी काटा शून्यावर आणावा, तसे हे टचपॅड एक शून्य ठरवून घेत असे. हवेतला ओलावा, तापमान, बोटांचा घाम यांमुळे ते शून्य सरकायचे. मग टचपॅड इतके हळवे व्हायचे की बोट अर्धा इंच वर असतानाच ते टेकले असे त्याला वाटे. नंतर बोट खरोखर टेकले की पडद्यावरचा बाण टुणकन भलतीकडे उडी मारी. कोकणातल्या पावसाळ्यात, लहान मुलांच्या ओल्या हातांखाली अशा यंत्राची काय अवस्था होईल याची कल्पना वाचकांनी करावी.

यावर वापरणाऱ्याच्या हातातला उपाय म्हणजे कळफलकाच्या चार कोपऱ्यांतली चार बटणे एकाच वेळी दाबणे. त्याने टचपॅड आपले शून्य पुन्हा ठरवून घेई. पण सहा-सात वर्षांच्या मुलाने दर थोड्या वेळाने हे का करावे? म्हणून २००८ मध्ये ही सारी कसरत ड्रायव्हरमध्ये घालून तो कर्नलला जोडण्यात आला. लिहिणाऱ्याने आधी बारकाईने पाहून घेतले की, सामान्य वापरात बाण एका झेपेत १०० ठिपक्यांइतका कधीच सरकत नाही. तेव्हा ड्रायव्हरने नियम धरला: १०० किंवा त्याहून मोठी उडी आली तर ते बोट नव्हे, शून्य सरकले आहे, ती नोंद टाकून द्यायची आणि टचपॅडला शून्य पुन्हा ठरवायला सांगायचे. दुसरी एक खूणही त्याने हेरली. टचपॅडकडून नोंदींचा नुसता पाऊस पडतो आहे, पण सगळ्यांची बेरीज केली तर बाण होता तेथेच आहे, असे दिसले तरी शून्य पुन्हा ठरवायचे. ही आमच्या मते उत्तम प्रायोगिक विज्ञानाची रीत आहे. उपकरण चुकते हे मान्य करायचे, कसे चुकते ते मोजायचे आणि मोजमापातून चूक ओळखण्याची कसोटी काढायची.

पुढच्या यंत्रांत टचपॅडच बदलले. पण जी यंत्रे मुलांकडे पोचली होती त्यांचे हार्डवेअर बदलणे शक्य नव्हते. त्यांना दिलासा मिळणार होता तो केवळ नव्या कर्नलमधून.

याच यंत्रातल्या बिनतारी चिपची गोष्ट मात्र थोडी कडवट आहे. हिचा ‘लिबर्टास’ नावाचा ड्रायव्हर जुलै २००७ मध्ये २.६.२२ या आवृत्तीत कर्नलमध्ये आला. या चिपला स्वतःचा छोटा प्रक्रियक होता. त्यामुळे लॅपटॉप झोपलेला असतानाही ती शेजारच्या मुलाच्या यंत्राकडून आलेला संदेश पुढच्याकडे पोचवू शके. पण त्या छोट्या प्रक्रियकावर चालणारा प्रोग्राम, ज्याला फर्मवेअर म्हणतात, तो चिपच्या कंपनीने बंदच ठेवला. ओपनबीएसडी या दुसऱ्या मुक्त प्रणालीचे प्रमुख थिओ डी राट यांनी २००६ मध्येच यावर उघड टीका केली होती. योजना खुलेपणाचा पुरस्कार करते आणि शेवटी एका बंद तुकड्यावर अवलंबून राहते, हा त्यांचा आक्षेप. तो आम्हाला रास्त वाटतो. ड्रायव्हर खुला असला तरी उपकरण पूर्ण खुले झाले असे समजू नये. आजही बहुतेक वायफाय उपकरणांची हीच स्थिती आहे.

ज्याला कोणी वाली नाही

कर्नलमध्ये एकदा शिरलेला ड्रायव्हर कायम राहतो असेही नाही. ज्या ३८६ प्रक्रियकावर लिनक्सचा जन्म झाला, त्याचाच आधार फेब्रुवारी २०१३ मध्ये आलेल्या ३.८ या आवृत्तीतून काढून टाकला गेला. टीव्हीच्या रिमोटप्रमाणे अवरक्त किरणांनी फायली पाठवण्याची सोय जून २०१८ च्या ४.१७ या आवृत्तीत गेली. ड्रायव्हर सांभाळायचा तर बदल करून तो खऱ्या यंत्रावर तपासावा लागतो. यंत्रच कोणाकडे उरले नाही तर तपासणार कशावर? फ्लॉपी डिस्कच्या ड्रायव्हरवर २०१९ मध्ये अशीच वेळ आली. सांभाळणाऱ्याजवळ चालती फ्लॉपी उरली नव्हती आणि तोरवाल्ड्सने त्या ड्रायव्हरवर ‘अनाथ’ असा शिक्का मारला. ते वाचून दुसऱ्या एका प्रोग्रामरने जबाबदारी घेतली आणि ड्रायव्हर वाचला.

म्हणजे जुनी यंत्रे ज्यांच्याकडे अजून चालू आहेत, त्यांचे म्हणणे येथे मोलाचे असते. अशी यंत्रे अमेरिकेतल्या प्रोग्रामरकडे कमी आणि आपल्या शाळांत जास्त! ‘कॅमेरा चालत नाही’ एवढेच कळवून मात्र भागत नाही. कर्नलची कोणती आवृत्ती, कोणती चिप आणि कर्नलने त्या वेळी काय नोंद केली, या तीन गोष्टी लागतात.

त्या कशा मिळवायच्या ते आम्ही शाळेतल्या नववीच्या मुलांना दाखवले. ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा दिली की यूएसबीला जोडलेल्या प्रत्येक वस्तूची एक ओळ पडद्यावर येते. तिच्यात प्रत्येकी चार अंकांचे दोन संकेतांक असतात. पहिला बनवणाऱ्याचा, दुसरा वस्तूचा. आमच्या कॅमेऱ्याचे आले ०एसी८ आणि ३०१बी. हे अंक सोळाच्या पायातले, म्हणजे दहासाठी ए, अकरासाठी बी, बारासाठी सी. एका मुलीने फळ्यावर पहिल्याचे दशमान रूप काढले: १० गुणिले २५६, अधिक १२ गुणिले १६, अधिक ८, एकूण २७६०. गणिताच्या सरांना हा अनपेक्षित लाभ झाला. कर्नल हीच जोडी घेऊन आपल्या यादीत शोधतो आणि जुळणारा ड्रायव्हर बोलावतो. ‘डीमेसेज’ या आज्ञेने कर्नलची रोजनिशी दिसते आणि ‘यूनेम’ने आवृत्ती. खरेदीच्या वेळीही खोक्यावरच्या नावापेक्षा आतली चिप विचारावी. एकाच नावाच्या वस्तूत कंपनी वर्षभराने निराळी चिप घालते, असे अनेकदा होते. जमल्यास पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करून वस्तू आधी जोडून पाहावी. संगणकातले काहीही न पुसता ही परीक्षा होते.

डोंगलचा संकेतांक घेऊन शोध घेतला तेव्हा उलगडा झाला. आम्ही बसवलेल्या लिनक्समध्ये मार्च २०२४ मधला ६.८ हा कर्नल होता. त्या चिपचा ड्रायव्हर मात्र एका स्वयंसेवकाच्या खटपटीने २०२५ च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत कर्नलच्या आत आला होता. तेव्हा फक्त नवा कर्नल हवा होता. पण तो आणायला इंटरनेट हवे आणि इंटरनेटसाठी डोंगल! शेवटी एका शिक्षकाचा मोबाइल तारेने संगणकाला जोडला. मोबाइलला नेटवर्क कार्ड मानणारा ड्रायव्हर कर्नलमध्ये आधीपासूनच होता. अर्ध्या तासात नवा कर्नल उतरला, यंत्र पुन्हा चालू केले आणि डोंगलचा निळा दिवा लुकलुकू लागला.

तोवर मॅडमनी कॅमेरा सूक्ष्मदर्शकावर चिकटपट्टीने बसवला होता. धामच्या पाण्यातले हिरव्या शेवाळाचे धागे पडद्यावर आले आणि मधूनच काहीतरी वळवळत गेले. त्याला पॅरामिशियम म्हणावे की आणखी काही, यावर वर्गात वाद झाला. मुख्याध्यापक मात्र जडसंग्रह नोंदवही काढून बसले होते. कॅमेरा, डोंगल, छापयंत्र, प्रत्येकाच्या नोंदीपुढे ते मुलांकडून विचारून संकेतांक लिहून घेत होते.